मायचा आवाज बाद?

चुडावा,
१२ सप्टेंबर १९९३

प्रिय सितारामदादा,

सप्रेम जय भीम. इकडं आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. नागपुरात तूही बरा असशील.

दादा, काय सांगू तुला! पुण्याची एक कंपनी अन् मी शिकते ते मराठवाडा विद्यापीठ मिळून, बोललेली मराठी ओळखणारा कॉम्प्युटर करायलेत! उद्या कुणीही फोनवर गाडीची वेळ विचारली की मशीनच सांगणार. अन् परभणीकडचे आवाज गोळा करायचं काम कुणाला मिळालं? तुझ्या बहिणीला! आमचे सर म्हणाले, आपली बोली त्यात नसली तर मशीनला फक्त पुणेकरांचंच कळेल. मी लगेच हो म्हणलं.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागेपर्यंत आपल्या घरचं कुणी तिथली पायरी चढणार नाही, असं तू म्हणला होतास. ते भांडण आज नको.

काल कंपनीचा इंजिनिअर टेप घेऊन घरी आला. मायला वाचता येत नाही, म्हणून मी कंपनीनं दिलेल्या यादीतलं वाक्य म्हणायचे अन् ती माझ्यामागं. "पूर्णेची गाडी कवा हाय?" लय झकास म्हणली! मग आलं, "माझा मुलगा मराठवाडा विद्यापीठात शिकतो."

मायनं माइक बाजूला सारला.

"म्हण की माय, नुस्तं कागदावरचं हाय."

"खोटं कसं म्हणू? माझ्या सितारामनं बाबासाहेबांच्या नावापायी शिक्षण सोडलं. ते नाव लागू दे, मग म्हणीन."

दादा, तू घर सोडून नागपूरला गेल्यापासून पंधरा वर्षांत तिच्या तोंडून तुझं नाव ऐकलं नव्हतं. मी विषय काढला की उठून जायची. हे तुला कधी लिहायला धजले नाही.

इंजिनिअर म्हणाला, वाक्य यादीशी जुळत नाही, ह्यांचा आवाज बाद करावा लागेल. माझं डोकंच फिरलं. "तुमच्या मशीनला लोकांचं ऐकायचंय का यादीचं? माय बाद, तर मी पण बाद!" बिचारा आधी घाबरला, मग हसला, अन् मायचं वाक्य यादीत जसंच्या तसं लिहून घेतलं. जिंकलो की रे आपण!

जाताना मायनं माइककडं बोट करून विचारलं, "ह्याच्यातून बोललेलं नागपूरला ऐकू जातंय का?"

"नाही मावशी."

"मग काय कामाची तुमची मशीन? माझ्या पोराला घरी ये म्हणायचं होतं."

दादा, तिनं म्हणलंय. आता तू ये.

मायचा निरोप एक शब्दही न बदलता लिहिणारी,
तुझी विशाखा