प्राचीची गच्ची

मी, जनी भगवान घरत, वय साठ, धंदा मसाला कांडपाची गिरणी, राहणार मौजे कोंडखार, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, धड डोक्याने आणि माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही आणि गोड बोलूनही कोणी काही लिहून घेतलेले नाही. वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. कायद्याने तो चोख असेल, पण तो कोणाही बाईच्या नावाने खपला असता. म्हणून त्यातले कायद्याचे शब्द ठेवले आणि बाकीचे माझे घातले. मी नववीपर्यंत शिकले आहे, तेवढे मला जमते. याआधीचे माझे मृत्युपत्र म्हणून कोणी कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

१. माझी मिळकत म्हणजे गावातले घर. खाली राहते घर आणि गिरणी, पहिल्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या, ज्यात तळोज्याच्या कारखान्यांत पाळीला जाणारी मुले राहतात, आणि वर गच्ची. हे घर माझे पती कै. भगवान यांनी बक्षीसपत्राने माझ्या नावावर केले. ते म्हणाले होते, "तुज्या नावावर ऱ्हायलं तं विकलं जानार नाय." स्वतःवर एवढा अविश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. आज घर उभे आहे ते त्यामुळेच.

२. खालचे राहते घर आणि वरच्या सगळ्या खोल्या, भाड्यासकट, मी माझा मुलगा हृतिक यास देत आहे. हा वाटा मोठा आहे हे मला कळते. हृतिकचे कळंबोलीला ट्रेलर आहेत, धंदा कधी चालतो, कधी उभा राहतो. पण माझे गुडघ्याचे दुखणे निघाल्यापासून मला डॉक्टरकडे तोच नेतो, आणि एकदाही कंटाळला नाही. पोरगा वाईट नाही. घाईचा आहे.

३. पुतळ्यांची माळ सून किशोरी हिला. तिच्या गळ्यात ती शोभते, हे मी तोंडाने कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहिते. बुगड्या मुलगी प्राची हिला.

४. गिरणी, तिची सगळी यंत्रे, संपूर्ण गच्ची, गच्चीवरचे बांधकामाचे हक्क आणि तिथला सोलर मी प्राची हिला देत आहे. ती लग्न होऊन कळंबोलीला गेली आहे. तरीही देत आहे.

याचे कारण सांगते. प्राची इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून घरांवर आणि कारखान्यांवर सोलर बसवणाऱ्या कंपनीत लागली. एक दिवस मला म्हणाली, आई, मसाल्याचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम एकच आहे. मी इतकी वर्षे गिरणी चालवते, पण हे माझ्या डोक्यात आले नव्हते. चैत्र-वैशाखात गावोगावच्या बाया मिरच्या घेऊन येतात, गिरणीला दिवसभर उसंत नसते, आणि तेव्हाच गच्चीवरचे ऊन फुकट जायचे. आता तेच ऊन गिरणी चालवते. जास्तीची वीज तारेने बाहेर जाते, मीटर ती मोजतो आणि पावसाळ्याच्या बिलातून ती वजा होते.

गच्चीवर मिरच्या वाळवायचा आमचा रिवाज जुना. पहिल्याच उन्हाळ्यात माझी जाऊ मालू हिने पॅनेलवर जुने लुगडे अंथरले आणि तिच्या सगळ्या मिरच्या त्यावर पसरल्या. तिकडे कळंबोलीत प्राचीला मोबाइलवर वीज एकदम उतरलेली दिसली. यंत्र जळाले असे समजून बिचारी नोकरीवरून धावत आली, तर गच्ची लालभडक. मालू शांतपणे म्हणाली, "येवरी काच तापते पोरी, वाया कशाला घालवाची?" प्राची हसून हसून खालीच बसली. नंतर तिने पॅनेलचे सांगाडे खालून माणूस उभा जाईल एवढे उंच उचलून घेतले. आता सावलीत बसून बाया मिरच्यांचे देठ खुडतात, कठड्याच्या बाजूला उन्हात मिरच्या वाळतात. उन्हाळ्यात तिथे जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या देवळातही होत नाहीत. हे सगळे प्राचीने जमवले, म्हणून ते तिचे.

५. पुढे जो कोणी घरात राहील त्याला ताकीद. लाइट गेली की सोलरही आपोआप बंद होतो. मालूला हे अजून पटलेले नाही. ऊन आहे तर लाइट का नाही, असे ती दरवेळी विचारते. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून सोलरच्या पेटीत ती सोय आहे. उकडले तर हातपंख्याने वारा घ्यावा. त्या पेटीला हात लावू नये.

६. मालूला माझी मोठी कढई, मिरच्या भाजायची. ती तिने माझ्याकडून कधीच नेलेली आहे, पण आता ती रीतसर तिची.

७. माझ्या दोन भावांना काही नाही. फक्त कपाटात वरच्या खणात एक जांभळी साडी आहे, ती थोरल्याकडे पोचवावी. सरकारने घेतलेल्या माहेरच्या जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळणार होता तेव्हा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आले. आमच्याकडे बहिणी सही करतात, आणि करून झाली की साडी मिळते. मी सही केली ती भूखंड नको होता म्हणून नाही, माहेर तुटू नये म्हणून. त्यानंतर दोन दिवाळ्या मला भाऊबीजेला बोलावणे आले. पुढे त्यांचे बंगले झाले आणि बोलावणे राहून गेले. साडी मी नेसले नाही. मला त्याचे अजून वाईट वाटते, आणि ते लपवायचे वय आता माझे नाही.

८. आता मुख्य गोष्ट. हृतिकला गच्चीवर मजला चढवून आणखी खोल्या काढायच्या आहेत. तो म्हणतो, आधी पॅनेल काढू, मजला झाला की बघू. त्याचे ‘बघू’ मी लहानपणापासून ओळखते. मी त्याला गच्ची प्राचीला देणार असे सांगितले, तेव्हा तो जेवणावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. आणि प्राचीला सांगितले तर ती म्हणाली, "आई, तुज्यामागं मी सही करून देईन. मना भाऊ पायजे, गच्ची नको."

माहेरासाठी मीही अशीच सही केली होती. तिला माझे उत्तर इथे लिहिते.

कलम चारमधली मिळकत प्राचीने हक्कसोडपत्राने, बक्षीसपत्राने किंवा दुसऱ्या कोणत्याही कागदाने हृतिकला किंवा त्याच्या वारसांना देऊ नये. तसा कागद झाला, तर त्या क्षणी गिरणी, गच्ची आणि सोलर गावच्या प्राथमिक शाळेला जाईल. मग प्राचीलाही नाही आणि हृतिकलाही नाही. वकील म्हणाले, बाई, हे फार कडक होते. मी म्हटले, लिहा.

प्राची, तू मन मोठे करशील याची मला खात्री आहे, म्हणून ती वाटच बंद केली. तुला कोणी काही म्हणाले तर सांग, आईने माझे हात बांधून ठेवलेत. हृतिक, तुला राग येईल. तो बहिणीवर काढायचा नाही, माझ्यावर काढ. माझ्या फोटोला हार घालू नकोस, वर्षश्राद्धाला माझ्या नावाने बोटे मोड, मी उलट बोलायला येणार नाही. पण भाऊबीजेला गाडी काढ आणि बहिणीला घेऊन ये. माझ्यावर कितीही रुसलास तरी त्याने कोणाचे माहेर तुटत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे मावसभाऊ कुमार म्हात्रे यांनी करावी. दोन्ही मुलांना ते एकाच वेळी, एकाच खोलीत वाचून दाखवावे.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले, मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे आणि त्यांनी माझ्या देखत केली आहे.

सही: जनी भगवान घरत

साक्षीदार:
१. शशिकला रमाकांत भोईर, निवृत्त शिक्षिका, कोंडखार
२. पद्मजा अनंत कडू, परिचारिका, पनवेल

ठिकाण: पनवेल
दिनांक: ४ मे २०२५