माह्या चुलीचा विस्तव

लाकूड डेपो, आलापल्ली
जानेवारी १९५६

तीर्थरूप मनकर्णाबाई, तुह्या धाकट्या भावाचा दंडवत.

मी बरा आहो. दोन टाइम जेवतो, कामावर जातो. बायको गेल्यावर सावली गावाले दिवसभर तोंड फिरवून पडून राहो, तसा आता नाई राहत. पण ते माह्या मनानं नाई. इथले लोक पडू देत नाईत.

रोज सकाळी कोणी ना कोणी खापर घेऊन विस्तव मागाले येते. मग उठून चूल पेटवाच लागते. पेटली की भात टाकतो. यांच्या घरी काड्याची पेटी नाई काय? शेजारच्या कमरुद्दीनच्या चुलीतून धूर निघत असते, तरी तो मलेच मागते! मले यात डाव दिसते. तू त्यायले काही लिवलं तर नाई? खरं सांग.

परवा मी मुद्दाम उठलो नाई. कमरुद्दीन रिकामं खापर घेऊन दारात बसला. कामाची घंटा झाली, तरी हलला नाई. शेवटी उठलोच.

तुहा गुडघा कसा आहे? भाऊजीचं धान मळून झालं काय?

आज कोणीच आलं नाई. मले अजूनच संशय आला. मीच विस्तव घेऊन कमरुद्दीनकडे गेलो. त्याची चूल भडकली होती. त्यानं माह्याकडे पाह्यलं, तांब्याभर पाणी ओतून ती विझवली, अन् माह्या हातातलं खापर घेतलं.

ओल्या चुलीत विस्तव काही धरेना. म्हणून त्याचा भात माह्याच चुलीवर शिजला. दोघंही तिथंच जेवलो.

हाही डावच, बाई.

तुहा भाऊ,
लटारू