कोपऱ्यातलं नाव

बेंगळूरु, मंगळवार

भारतीअक्का, तुझ्या धाकट्या विनुताचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. अम्माचा गुडघा कसा आहे?

शंभरेक अ‍ॅपमधली बटणं पाहून, कुठलं कुठं शोभतं ते शिकून मी फूलवाल्यांच्या अ‍ॅपचा स्क्रीन आखला होता. आमच्या श्रीवत्ससरांनी माझा कच्चा आराखडाच उचलला आणि कोपऱ्यातलं माझं नाव पुसून स्वतःचं घातलं. त्यात ‘काढून टाका’चं बटण नेमकं अंगठ्याखाली येत होतं. पक्क्या आराखड्यात मी ते हलवलं होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं!

काल चाचणीला मल्लेश्वरमच्या फूलवाल्या पुट्टम्मा आल्या. चाचणी संपेपर्यंत आमच्यापैकी कुणीही तोंड उघडायचं नाही, असा नियम. पुट्टम्मा ऑर्डर जपून ठेवायला गेल्या आणि तीनदा ती पुसली गेली. सर घामाघूम झाले. मी डोळे भरून पाहून घेतलं.

शेवटी फोन आपटून त्या म्हणाल्या, "अय्यो, कुठल्या शहाण्यानं केलंय हे?"

चाचणी संपली होती. मी कोपऱ्यातलं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं.

माझी नोकरी कायम व्हायला सरांचीच सही लागते, हे अप्पांना कळू देऊ नकोस. पण अक्का, पुन्हा संधी आली तर पुन्हा वाचीन, याहून मोठ्यानं.

तुझीच हट्टी,
विनुता