जरीचे बोट

९ डिसेंबर, पोंभुर्णा

आज अंगणात एक कोडे पडले. हातमोजा घातलेल्या बोटाने फोनची काच कितीही दाबली तरी फोन ढिम्म. पण त्याच काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की तो आपण होऊन कुणालातरी फोन लावतो. दाबणारे बोट कळत नाही, न दाबणारा थेंब कळतो. असे का?

प्रसंग असा. प्रज्ञा (भाची, वनरक्षक, माझ्याकडेच राहते, यापुढे प्र.) पहाटेच्या गस्तीवरून आली. गाडी उभी करून ओसरीच्या कडेला फोन दाबत राहिली, हातात लोकरी मोजे. "मावशी, हा फोन मले मानूसच समजून नाई राह्यला!" तेवढ्यात कौलावरून दवाचा थेंब काचेवर टपकला आणि थेट तिच्या साहेबांना फोन लागला.

"आता साहेबाले काय सांगू? थेंबानं लावला म्हणू?"

हसून पुरेवाट झाली. नंतर मात्र ती मोजे हातात घेऊन त्यांच्याकडेच पाहत बसली.

कारण मला ठाऊक आहे. २० ते २२ या तीन सकाळी जंगलात ठरलेल्या वाटेने चालत प्राण्यांची गणती आहे. प्राणी दिसला की तिथेच उभे राहून फोनमध्ये नोंद करायची: कोणता, किती, किती अंतरावर. गेल्या वर्षी दातांनी मोजा ओढून काढेपर्यंत गवे झाडीत शिरले आणि एका सकाळची नोंद कोरी गेली. साहेबांनी रागावून नव्हे, सरळ सांगितले आहे: या वर्षी जमले नाही तर नोंदीचा फोन दुसऱ्याकडे, आणि प्र. तपासणी नाक्यावर. नाक्यावर बसण्यासाठी ही मुलगी वनरक्षक झालेली नाही.

मोजे काढून का जात नाही? थंडीत तिची बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावले आहे, हात उघडे ठेवायचे नाहीत. चंद्रपूर म्हटले की लोकांना फक्त ऊन आठवते. त्यांनी डिसेंबरात पहाटे पाच वाजता मोटरसायकलवरून आमच्या जंगलात जावे.

हातात अकरा दिवस. तीस वर्षे विज्ञान शिकवले, त्याचा काही उपयोग व्हायलाच हवा.

१० डिसेंबर

सकाळभर स्वयंपाकघरात प्रयोग. प्र.चा जुना फोन पाटावर ठेवला.

काकडी: चालते. वांगे: चालते, देठाकडून धरले तरी. लाकडी डाव: नाही. खोडरबर: नाही. स्टीलचा चमचा, उघड्या हातात धरून: चालतो! तोच चमचा, लोकरी मोजा घातलेल्या हातात: नाही.

चमच्यापाशी मी टाळीच वाजवली. काच तीच, चमचा तोच, दाबही तोच. बदलले ते एवढेच की चमचा माझ्या कातडीला लागलेला आहे की नाही. म्हणजे फोन दाब मोजतच नाही.

संध्याकाळी प्र.ला समजावले. काचेखाली विजेचे अगदी क्षीण भारण सतत पसरलेले असते. आपले शरीर म्हणजे खारट पाण्याने भरलेले पोते. बोट टेकले की त्यातले थोडे भारण बोट ओढून घेते, आणि कुठे कमी पडले ते फोन शोधतो. लोकर मध्ये आली की ही ओढ काचेपर्यंत पोहोचत नाही. पाण्याचा थेंब मात्र काचेला चिकटून बोटासारखीच गडबड करतो, आणि फोन फसतो.

तिच्या चेहऱ्यावर अजून धुके. मग म्हटले, "तुमच्या धानाच्या बांधीत पाणी भरून ठेवलंय. खेकड्यानं कडेच्या धुऱ्याला बीळ पाडलं. तुझे बाबा बीळ कसं शोधतात?"

"पानी कुठी उतरून राह्यलं, ते पाहून."

"फोन तेच करतो. बोट म्हणजे खेकडा."

"अन् मोजा घातला की खेकड्याचं तोंड बांधलं!"

तीस वर्षांत इतके चांगले उत्तर वर्गात मिळाले नव्हते.

१२ डिसेंबर

पहिला उपाय: पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, मोज्यावर बोटाच्या टोकापासून मनगटाच्या कातडीपर्यंत. फोन चालला. आनंदाने प्र.च्या हाती दिला.

दुपारी झित्रूभाऊ आले. हे वनमजूर, प्र.चे वाटेवरचे जोडीदार. जंगलात त्यांचे कान प्र.च्या दुर्बिणीपेक्षा लांब जातात. त्यांनी मोज्याचे बोट एकदा वाकवले. चर्रर्र.

"बाई, हा तं चिवड्याचा पुडा झाला. चितळाचं सोडा, झोपलेलं अस्वलबी उठून इचारंल, काय खाऊन राह्यले म्हून."

मग तुम्ही थंडीत फोन कसा चालवता, असे विचारले. त्यांनी दोन्ही हात घोंगडीत ठेवूनच फोन गुडघ्यावर घेतला, खाली वाकले आणि नाकाने मुलाला फोन लावला.

"नाक कायले देल्लं देवानं?"

शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष! नाक म्हणजे कातडी, आत तेच खारट पाणी. फक्त प्र.ने गव्यासमोर वाकून नाकाने संख्या टिपावी, हे मला पटेना. "गवा हसंल," भाऊ म्हणाले.

१३ डिसेंबर

भांडी घासायच्या तारेचा धागा ओवून पाहिला. चालला, पण काचेवर बारीक ओरखडा उमटला. बाद. (फोन जुना होता म्हणून निभावले.)

हवे ते असे: धातू, पण सुतासारखा मऊ, शिवता येईल, वाजणार नाही, ओरखडणार नाही. दिवसभर तीच यादी डोक्यात. असा धागा कुठे असतो?

रात्रीचा भात टाकताना सापडले. लुगड्याच्या काठातली जर!

१४ डिसेंबर

शेजारच्या सुलोचनाबाईंकडे जरीचा धागा मागितला. कपाट उघडून त्यांनी मुलीच्या लग्नात घेतलेले लुगडे काढले. पदराच्या मागे सुटे धागे लोंबत होते. "अस्सल जर हाय, बाई. दुकानदारानं शपथ घेतली."

चार धागे पिळून बोटाला गुंडाळले, टोक काचेवर टेकवले. नाही. आठ धागे. नाही. भिंगाखाली पाहिले: प्लॅस्टिकची चपटी पट्टी, आत नावापुरती चमक, वर रोगण. हे त्यांना कसे सांगावे? माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांनी ओळखले.

"खोटी हाय ना? सांगून टाका."

"फोनला पटत नाहीये."

"दुकानदाराच्या शपथीले फोनबी नाई मानत." पण आवाज पडला होता.

थोड्या वेळाने त्या परत आल्या. हातात पायपुसणीसारखी मळकी पट्टी. त्यांच्या लग्नात सासूने नेसवलेल्या लुगड्याची किनार. लुगडे विरले तेव्हा कापून ठेवलेली; सुलोचनाबाई तिच्याने गादीची वळकटी बांधत. "हे पाहा बरं. टाकाऊ हाय. सासू मोठी चिकट होती, मले चिंधी देल्ली म्हून जन्मभर सांगत आली मी."

धागा काळपट पडलेला. बोटाला गुंडाळला, काचेला टेकवला. फोन उघडला.

पुन्हा टेकवला. पुन्हा उघडला. सुलोचनाबाईंनी माझ्या हातातून धागा घेतला आणि स्वतः दहा-बारा वेळा फोन उघडून बंद केला. मग पट्टी कपाळाला लावली.

"बुढीनं खरी देल्ली होती, बाई. अन् मी तिच्या तेराव्यालेबी चिंधीच म्हटलं."

डोळ्यांत पाणी आणि चेहरा उजळलेला. अर्ध्या तासात गल्लीतल्या पाच बायका आपापली लुगडी घेऊन माझ्या ओसरीवर.

१५ डिसेंबर

सकाळी मन खाऊ लागले. अस्सल जर चांदीच्या तारेची; पण फोन फक्त धातू ओळखतो. चांदी ओळखत नाही. तांब्याच्या तारेची जरही अशीच चालली असती. काल मी हे बोलले नाही. शिक्षिकेने अर्धे सत्य सांगू नये, म्हणून जाऊन सांगितले.

सुलोचनाबाईंनी पट्टी उलटून पाहिली. "तांबं असो का चांदी, प्लॅस्टिक तं नाई ना? मंग तिची शपथ दुकानदारापेक्षा पक्की."

निष्कर्षात काही खोट काढता आली नाही. पट्टीतली हातभर जर त्यांनी स्वतः उसवून दिली. "पोरीच्या बोटाले लावा. वळकटी सुतळीनंबी बांधता येते."

१६ डिसेंबर

मोज्याच्या उजव्या तर्जनीच्या टोकावर जरीची गोल टिकली भरली. टाके जवळजवळ, आतून अस्तर लावून सफाईदार. मोजा हातात धरून टिकली काचेवर टेकवली: चालला. पंचवीस वेळा तपासले, पंचवीस वेळा चालला. प्र. घेऊन झोपली.

१७ डिसेंबर

सकाळी सात. प्र. दारातून: "मावशी, चालून नाई राह्यला."

"अशक्य. पंचवीस वेळा—"

तिने मोजा घातला. टेकवला. ढिम्म. झित्रूभाऊ मागे उभे. "बाईच्या हातात चालते, पोरीच्या नाई. मोजा बाईलेच ओळखते का?"

मी मोजा उलटून टाके पाहिले. मग भाऊंच्याच वाक्यात उत्तर दिसले. माझ्या हातात! काल मी मोजा *घातला* नव्हता. उघड्या चिमटीत धरला होता, आणि चिमटीतले बोट जरीला लागत होते. मी मोज्याची परीक्षा घेतली, मोजा घातलेल्या हाताची नाही. प्र.ने घातला की जर बाहेर आणि कातडी आत, मध्ये लोकर, वर माझे ते सफाईदार अस्तर. चमच्याचा धडा १० तारखेला मीच शिकवला होता!

प्र.ला सांगितले. तिने गंभीर चेहऱ्याने माझ्यासमोर छडीसारखे बोट उगारले. "बाई, तुमीच सांगत होत्या ना, प्रयोग पुन्हा करा म्हून? हात पुढे करा, छडी." आणि मग दोघीही जमिनीवर बसून हसलो. इतक्या आनंदाने चूक कबूल केल्याचे मला आठवत नाही.

दुपारी उसवले. आता टाका आरपार: बाहेर टिकली, आत दोन सैल वेढे, बोटाच्या पेरावर टेकतील असे. अस्तर नाही. मागची बाजू गबाळी दिसते. दिसू दे; काम तीच करते.

प्र.ने घातला. चालला. उभ्याने चालला, अंगणात चालला, गाडीवर बसून चालला.

जर वीतभर उरली.

२० डिसेंबर

पहिली सकाळ. धुके इतके की फाटक दिसेना. प्र. पाचला निघाली. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, दव पडून पुन्हा साहेबांना फोन लागू नये म्हणून. नोंदीपुरता बाहेर काढायचा, पुसायचा, परत आत.

साडेदहाला आली. गाडी बंद करण्याआधीच बोलायला लागली. चितळांचा कळप. दोन रोही (नीलगायी). आणि नाल्याच्या वळणावर गवे.

"किती?"

"सात! तीन नर, तीन माद्या, एक बच्चू. मी मोजता मोजता टिपून राह्यली होती, मावशी. गवा माह्याकडे पाहून राह्यला अन् मी त्याच्याकडे, अन् बोट आपलं काम करून राह्यलं."

झित्रूभाऊ: "म्या नाक तयार ठेवलं होतं. लागलंच नाई."

बोटे पाहिली. ऊबदार, गुलाबी.

सुलोचनाबाईंना ओसरीवरूनच ओरडून सांगितले. त्या तिकडून: "सातही गवे बुढीनं मोजले म्हना!"

२१ डिसेंबर

दुसरी सकाळ. एक अस्वल, एकटे, एक भेकर. दोन्ही नोंदवले. परंतु टिकलीचा मधला भाग झिजला. दर तिसऱ्या टेकवण्याला फोन अडतो. काचेवर घासून घासून जुनी जर तुटते आहे. हे आधीच लक्षात यायला हवे होते.

उरलेली वीतभर जर सगळी वापरून टिकली पुन्हा भरली. आता शिल्लक शून्य. सुलोचनाबाईंच्या पट्टीत आणखी आहे; त्या "घ्या ना" म्हणतात, पण किती हलक्या हाताने ती पट्टी त्या आता घडी घालून ठेवतात ते मी पाहिले आहे. मागणार नाही.

उद्या दुपारी साहेब तिन्ही सकाळच्या नोंदी एकत्र पाहतील. एकही कोरी नको.

२२ डिसेंबर

प्र. पाचला गेली. आमचे ठरले आहे: वाटेचा शेवट तलावाच्या पाळीवर, तिथेच काय ती रेंज येते. पाळीवर पोहोचली की मोजा न काढता, त्याच बोटाने, मला एक टिंब पाठवायचे. फक्त एक टिंब. आले तर टिकली शेवटपर्यंत टिकली.

साडेनऊला पोहोचायला हवी. आता नऊ वीस. फोन समोर पाटावर आहे. पाहत बसले तर वेळ जाणार नाही, म्हणून सुलोचनाबाईंच्या महिला बचत गटासाठी प्रयोग लिहून ठेवते. परवा त्यांनी बोलावले आहे. सोपा असावा, घरच्या वस्तूंचा.

एक लहान स्टीलचा चमचा घ्या. उघड्या हातात धरा. त्याची फुगीर बाजू फोनच्या काचेवर हलकेच टेकवा, दाबू नका. फोनला कळेल. आता तोच चमचा जाड लोकरी कापडात धरा, बोट कुठेही लागू देऊ नका, आणि तसाच टेकवा. हवे तर जोरात दाबा. कळणार नाही. आता कापडाखालून एकच बोट हळूच पुढे सरकवा, चमच्याला लागेपर्यंत, आणि त्या क्षणी काचेकडे पाहा.