आपा, तुमचा लाडका किस्सा

प्रिय आपा,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. राहू दे. पुढचं वाचून मात्र तुम्हाला राग येईल, आणि तो यावा म्हणूनच लिहितेय. तुम्ही होतात तेव्हा मला कधी बोलणं पुरं करू दिलं नाहीत. आता ऐकून घ्या.

काल मार्केट यार्डात तुमची शोकसभा झाली. आडत्यांच्या संघटनेने भलामोठा हार आणला होता. भाषणं झाली: आपांनी हमालांच्या मुलांना कांद्या-बटाट्यांवर गणित शिकवलं, बाजारात मिळेल त्या वस्तूंवर शाळा उभी केली, वगैरे वगैरे. खोटं कुणीच बोललं नाही. मग अध्यक्षांनी तुमच्या नावाने डिजिटल वर्ग जाहीर केला, टाळ्या घेतल्या, आणि व्यासपीठावरून उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, वर्ग तर आता बंदच आहे. तोवर वर्गाच्या शेडमध्ये बटाटा ठेवला तर चालेल ना?"

काय उत्तर द्यायचं होतं मी? तुम्ही गेल्यापासून मुलं रोज दुपारी शेडपाशी येतात, बंद दाराला पाठ टेकून बसतात आणि निघून जातात. मी पडले शनिवारी येऊन गोष्टी वाचून दाखवणारी. तुमचा वर्ग तुमच्याशिवाय चालवू शकेल असं एकही माणूस तुम्ही तयार केलं नाहीत, आपा!

किती वेळा म्हटलं तुम्हाला, कुणाला तरी हाताशी घ्या. तुमचं ठरलेलं उत्तर: "का? मी काय उद्याच चाललेय?" एकदा दोन तरुण शिक्षिका आल्या होत्या, चांगल्या उत्साहाने. तुम्ही पहिल्याच दिवशी त्यांना आल्याची पोती ओढायला लावलीत. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तर म्हणालात, "बघ, टिकल्या का?" कसला आनंद झाला होता हो तुम्हाला?

तुमचं शिकवणं बघत राहावंसं वाटे, हे मी नाकारत नाही. सकाळचे लिलाव आटोपले की तुमचा तास सुरू व्हायचा. उभ्या ट्रकांच्या नंबरप्लेटवरून राज्यं ओळखायची, मग ड्रायव्हरला गाठून त्याच्या गावाला पाऊस किती, पिकतं काय, ते विचारायचं. सडका बटाटा बरणीत ठेवून रोज त्याची बुरशी बघायची. आणि काट्यावरचं गणित! पोत्याचं वजन आलं की त्यातून बारदान वजा करायचं, कारण रिकाम्या पोत्याचं वजन गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं नसतं. पहिलीतल्या मुलीलाही ते पाठ.

काजललाही पाठ होतं. अगदी हाडात भिनलेलं.

तुकाराम हमालांची काजल. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसायची होती. घरात एकच खोली, अभ्यासाला कोपरा नाही. त्या शाळेत जागा मिळाली असती तर पोरीचं सगळंच बदललं असतं. परीक्षेआधी तुकाराम तुमच्याकडे आले होते. मी तिथेच होते. टोपी हातात घेऊन म्हणाले, "आपा, हिला तेवढं पेपरातलं गणितबी शिकवा की."

आणि तुम्ही? "पेपरातलं गणित म्हणजे खोटं गणित, तुकाराम. ते मी शिकवत नसते."

पेपरात कांद्याच्या पोत्यांचं वजन विचारलं होतं. काजलने प्रत्येक पोत्याचं बारदान वजा केलं. दुकानदाराने शंभर टोमॅटो विकले तर नफा किती, यात तिने आधी नासके बाजूला काढले. उत्तरं पर्यायांत सापडेनात, म्हणून तिने ते प्रश्न कोरेच सोडले. जागा गेली.

तुम्ही म्हणालात, "पोरगी बरोबर आहे, पेपर चुकीचा आहे." असेल! पण त्या शाळेत पेपर जाणार होता की पोरगी?

एवढ्यावर थांबला असतात तरी मी गप्प बसले असते. पण तुम्ही त्याचा किस्सा केलात. पाहुणे आले की चहाबरोबर टोमॅटोचा किस्सा. "कुठल्या दुकानात शंभरच्या शंभर टोमॅटो विकले जातात हो?" हशा. आणि मग, "उभी राहा गं काजल, दिस जरा सगळ्यांना." पोरगी उभी राहायची. नापास झाल्याबद्दल टाळ्या घ्यायची.

काल तुमच्या शोकसभेतही तो किस्सा झाला. एकाने सांगितला, दुसऱ्याने तिखटमीठ लावून पुन्हा सांगितला. लोक खो खो हसले. मागच्या रांगेतून काजल उठली आणि बाहेर पडली. ती आता लोणी काळभोरला कॉलेजात आहे, तास बुडवून आली होती. मी बसस्टॉपवर तिला गाठलं.

"ताई, मीपण हसायचे," ती म्हणाली. "पण सीट माझी गेली होती ना."

"आपांना कधी बोलली नाहीस?"

"बोलले की. म्हणाल्या, वेडे, कौतुकच करतेय तुझं."

तिची बस आली आणि गेली. ती चढली नाही. मग मी विचारलंच. "काजल, वर्ग तू घेशील? नाहीतर सोमवारी शेडमध्ये बटाटा येतोय."

"मी? त्या शेडमध्ये? सॉरी, ताई." मुलं अजून रोज बंद दारापाशी येऊन बसतात, हे मी सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "घेईन. दुपारी कॉलेज सुटल्यावर. पण बारदान वजा करायला शिकवीन आणि पेपरात ते कधी करायचं नाही, हेही शिकवीन. दोन्ही. आणि तो टोमॅटोचा जोक तिथे कुणीही मारायचा नाही. तुमचे अध्यक्षसुद्धा."

"आणि आपांचा फोटो?"

"लावा ना. बघू देत त्यांना."

संध्याकाळी अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, बटाट्याची सोय दुसरीकडे करा. ते म्हणाले, "ताई, पोरगी लहान आहे हो. आपांसारखं जमेल का तिला?" मी म्हटलं, "आपांसारखं जमू नये, म्हणूनच तिला आणतेय." "बरं, बघतो दुसरीकडे," म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी शेड उघडतंय. पालेभाजी निवडणाऱ्या बायकांतल्या दोघींना मी पहिल्या दिवसापासून काजलच्या शेजारी उभं करणार आहे. तिला ते फारसं पटलेलं नाही. "मला जमतं एकटीला," म्हणाली, अगदी तुमच्याच सुरात.

म्हणून वचन देते, आपा. त्या शेडमध्ये यापुढे कुणालाही एकटीने शिकवू देणार नाही. काजललाही नाही, ती तुमच्यापेक्षा छान शिकवायला लागली तरी नाही. तिच्याशी भांडावं लागलं तर भांडेन. तुमच्याशी भांडायला हवं होतं, त्याहून मोठ्याने.

तुमच्यावर अजूनही चिडलेली,
सुनंदा