टेबल मुलीला, फोटो मुलाकडे

मी, मणकेवाल्याची बायको, आता विधवा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कुणी धाक घातला नाही, कुणी लाडीगोडीही लावली नाही. लावली असती तर जरा बरं वाटलं असतं. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला हवा होता. मुलगा हाडांचा डॉक्टर, पण त्याला वाटा मिळणार म्हणून त्याचा चालेना. यांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी म्हणाली, "मग मी देते." वकील म्हणाला, "ताई, तुम्ही कुठे डॉक्टर?" ती तोंड फिरवून बसली. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरने दिला.

१. खालचा मजला मुलीचा, वरचा मुलाचा. जिना दोघांचा. जिन्यात गाठ पडली तर बोलायचं.

२. पुढच्या खोलीतलं टेबल, तोंड घालायला भोक असलेलं, मुलीला. पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' होतं, म्हणजे हाताने दाबून मणके बसवणारा, ते कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून लोकांनी यांना मणकेवाला केलं. वाकून आलेली माणसं त्या टेबलावरून उठून सरळ चालत गेलेली मी पाहिलीत. मुलगा म्हणायचा, "आई, ती आपोआपही बरी झाली असती. पुरावा काय?" मी म्हणायचे, "तू तरी आपोआप मोठा झालास का रे?" तो हसायचा. तेव्हा हसायचा.

३. मग यांचीच पाठ धरली. मुलगा म्हणाला, "बाबा, आधी एक्स-रेचा फोटो काढू." हे म्हणाले, "माझ्या हाताला दिसतं." मुलगी रोज दाबायची, यांना झोप लागायची. फोटो निघाला तोवर मणक्यातली गाठ पसरली होती. हे गेले त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगा तिला म्हणाला, "तू दाबत बसलीस." ती म्हणाली, "आणि तू काय वाचवलंस?" तेव्हापासून दोघं माझ्यामार्फत बोलतात. मी निरोप पोचवते. मधल्या शिव्या गाळते. कंटाळा आला तर एखादी वाढवते.

४. म्हणून अट. झोपू न देणारी पाठ, ताप, उतरलेलं वजन किंवा पडून आलेला माणूस असेल, तर मुलीने हात लावायच्या आधी त्याला मुलाकडे फोटोला पाठवायचं. मान कुणाचीच कडकन फिरवायची नाही. फोटोत काही नसलं तर मुलाने त्याला खाली परत पाठवायचं, नाक न मुरडता. जो अट मोडेल त्याचा मजला दुसऱ्याला.

५. यांचा पांढरा कोट मुलाला. "बाबा, हा आम्हा डॉक्टरांचा," म्हणाला होता एकदा. घे बाबा.

६. माझी पाठ. हे गेल्यापासून दुखत नाही. मुलगा सांगतो, माझ्या गोळ्या. मुलगी पेशंटला सांगते, माझा हात, विचारा आईला. दोघांचं एकाच आठवड्यात केलं, तर दुखणं कशाने गेलं ते कोण सांगणार? गुडघाही दुखत नाही. परवा तव्याला हात लागला, फोड आल्यावर कळलं. माझा दाखला कुणी कुणाला देऊ नये. मला आराम पडलेला नाही, जाणवायचंच थांबलंय.

७. राहिलेले दोन निरोप. दोघांनीही सांगू नको म्हणून शपथ घातली होती, पण ती जिवंतपणीची. मुला, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "फोटो आधी काढायला हवा होता गं." मुली, तो स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा पिताना म्हणाला, "साध्या कंबरदुखीला दाबून थोडा आराम पडतो, आमच्या पुस्तकातही आहे. आणि बाबांची गाठ आधी दिसली असती तरी मला काढता आली नसती."

हे कलम दोघांना एकाच खोलीत बसवून वाचावं. वकिलाने दार लावून बाहेर थांबावं.

साक्षीदार: शेजारची शिवणवाली, मुलीची पेशंट. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, मुलाचा पेशंट. दोघांचीही कंबर अजून दुखते.

सही केली.

ठिकाण: पुढची खोली, टेबलावरच कागद ठेवून.
तारीख: ११ मार्च