शिवलेली शेवटची पानं

भोर,
१२ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांना,

अंजनाचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. मशीनला नवा पट्टा घातला. लग्नसराईची ब्लाउजं साठली आहेत, तरी आज काम बाजूला सारून तुमच्यासाठी तीन रहस्यकथा काढल्या. पुण्याच्या दवाखान्यात आठवडाभर पडून राहायचं, तर सोबत चांगली हवी.

तुमचे भाऊ म्हणाले, "आजारी माणसाला खुनाची पुस्तकं कशापायी? येखादी पोथी दे की." त्यांना काय कळतंय! मी या घरात नवी आले, तेव्हा पिठाच्या डब्यामागून काढून पहिली रहस्यकथा तुम्हीच माझ्या हातात ठेवलीत.

सुरुवात खेडलेकरांपासून करा. त्यांचा फौजदार कधी पळत नाही की पिस्तूल काढत नाही. घरोघरी चहा पितो आणि त्या दिवशी साखर घालायला कोण विसरलं, त्यावरून चोर धरतो. मग कुसुम घारपुरे. त्यांच्या गोष्टीत अंगणवाडीच्या बाई खुनी शोधतात. काय डोकं आहे हो! त्यांच्यापायी माझी दोनदा आमटी करपली. तिसरा सम्राट ओव्हाळ. नवाच आहे, पण आपल्या भागातलं लिहितो, आणि माणसं अगदी ओळखीची वाटतात. एस.टी. वेळेवर येते, तेवढंच खोटं वाटतं.

तिन्ही पुस्तकांचं शेवटचं प्रकरण मी कच्च्या टाक्यानं शिवून टाकलंय. रागावू नका, तुमची खोड मला ठाऊक आहे.

भाऊबीजेला तुम्ही म्हणालात, "आगं, शेवट ठावा असला की निवांत वाचता येतंय." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, शेवट आधी बघणारा वाचकच नव्हे. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चूक माझी होती. गुरुवारी तुमच्या हृदयाची झडप बदलणार हे कळल्यापासून मलाही शेवटचं पान आधी बघावंसं वाटतंय. तुम्ही घरी आलात, एवढंच त्यावर दिसू दे. बाकीचं मग मीही निवांत वाचीन. फार भीती वाटते, वन्सं.

ओव्हाळचा शेवट मी स्वतःही वाचलेला नाही. न वाचताच शिवला. तिथं कुणाकडं कात्री मागू नका. तुम्ही किकवीला घरी आलात की मी माझी घेऊन येते.

तुमची वाट बघणारी,
अंजना